लघवी गळण्याचं ऑपरेशन झालं, आता लघवी होतच नाही नीट. दुसरं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?

रानजाई
बरेच दिवस लिहू की नको करत होते. विषय असा आहे की घरातसुद्धा दार लावून बोलावं लागतं. पण इथल्या मैत्रिणींवर विश्वास आहे म्हणून लिहिते.

वय ५१. दोन बाळंतपणं. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवी गळायची. आठ-नऊ वर्षं पॅड लावून काढली. शेवटी १६ महिन्यांपूर्वी टेपचं ऑपरेशन करून घेतलं. मूत्रमार्गाखाली जाळीची अरुंद पट्टी बसवतात, ते. माझ्या ओटीपोटावर केसांच्या रेषेजवळ दोन बारीक खुणा आहेत, म्हणजे पट्टी ओटीपोटाखालच्या हाडामागून वर काढलेली आहे.

गळणं थांबलं, अगदी पूर्ण थांबलं. पण लघवीची नळी काढली त्याच दिवसापासून लघवीला वेळ लागायला लागला. "सूज आहे, उतरेल" असं सांगितलं. सूज उतरली असेल, त्रास नाही उतरला. आता बसल्यावर पुढे वाकावं लागतं, मग थोडं डावीकडे कलावं लागतं, मग एक बारीक धार सुरू होते, तुटते, पुन्हा सुरू होते. उठून कपडे नीट करेपर्यंत परत लागते. रात्री चार-चार वेळा उठते. वर्षभरात चार वेळा इन्फेक्शन झालं. पहिल्या ठिकाणी दर वेळी गोळ्या लिहून मिळाल्या आणि "आता गळत नाही ना, मग?" असं ऐकायला मिळालं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यंत्रात लघवी करायला लावली. ग्राफ टेकडीसारखा यायला हवा, माझा सपाट माळरानासारखा आला. जास्तीत जास्त वेग सेकंदाला ७ मिली. लगेच सोनोग्राफी केली तर आत २२० मिली शिल्लक. दुर्बिणीने पाहिलं, आत पट्टी आलेली नाही, खडा नाही. ते म्हणाले, पट्टी घट्ट बसली आहे, मधोमध कापावी लागेल.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. कापली तर परत गळायला लागेल का? आणि हे ऑपरेशन पहिल्यासारखंच असतं का?

अवनी_२२
रानजाईताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझंही पुढे वाकून बसणं सात महिने चाललं होतं. मला वाटायचं माझीच बसायची पद्धत चुकतेय. पट्टी कापून आता दोन वर्षं झाली. सविस्तर रात्री लिहिते.

मूत्रवैद्य
मी युरोलॉजिस्ट आहे. इथे वाचून कुणाला उपचार सांगणं योग्य नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी जे केलंय ते क्रमाने आणि बरोबर केलंय, म्हणून त्यामागचा विचार सांगतो.

पट्टीचं काम मूत्रमार्गाला आधार द्यायचं असतं, आवळायचं नव्हे. ती सैल ठेवूनच बसवतात. तरी काही जणींमध्ये ती जास्त ताणली जाते किंवा भरून येताना आखडते, आणि मूत्रमार्गाला खालून दाबून धरते. मग धार बारीक होते, लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, शिल्लक लघवीत जंतू वाढतात. तुमची वारंवार इन्फेक्शन्स याच एका कारणातून आलेली असू शकतात. सारखी घाई होणं, रात्री उठणं हेही त्यातलंच. अडथळ्याविरुद्ध जोर लावून लावून पिशवीचा स्नायू चिडतो.

वेळेला इथे फार महत्त्व आहे. जाळीच्या छिद्रांतून आपली पेशीजाल साधारण दोन आठवड्यांत घट्ट रुजते. त्याआधी लघवी तुंबत असल्याचं लक्षात आलं, तर योनीतला टाका उघडून, पट्टीला चिमट्याने धरून ती अलगद एखादा सेंटिमीटर खाली ओढून सैल करता येते. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि पट्टी शाबूत राहते. रुजल्यावर मात्र ती ओढली जात नाही, कापावीच लागते. म्हणून कुणाचंही नुकतं ऑपरेशन झालं असेल आणि नळी काढल्यावर लघवी होत नसेल, तर महिनोन्महिने वाट बघू नका. मूत्रमार्ग आतून रुंद करण्याचे प्रयोगही वारंवार करून घेऊ नका. पट्टी जागची हलत नाही, उलट मूत्रमार्गाचा नाजूक पडदा तिच्यावर घासला जातो.

आता तुमचा प्रश्न. कापल्यावर बहुतेक जणींचा कोरडेपणा बऱ्यापैकी टिकतो, कारण दोन्ही बाजूंची पट्टी आणि तिच्याभोवतीचा व्रण आधार देत राहतो. पण काहींना पुन्हा गळतं, हे आधीच मान्य करून टेबलावर जायला हवं. "नक्की गळणार नाही" अशी हमी कुणी दिली तर दुसरं मत घ्या.

रानजाई
डॉक्टर, मनापासून आभार. ते दोन आठवडे वाचून रात्रभर झोप लागली नाही. मी नवव्या दिवशी टाके दाखवायला गेले होते. तेव्हाच सांगितलं होतं हो, की धार येत नाही. कुणी सोनोग्राफी करून शिल्लक किती आहे ते पाहिलं असतं तर...

कापतात म्हणजे नक्की काय करतात? मला माहीत असलेलं बरं वाटतं. माहीत नसलं की डोक्यात भलतंच येतं.

मूत्रवैद्य
तुमचा राग रास्त आहे. अशा ऑपरेशननंतर शिल्लक लघवी मोजल्याशिवाय पेशंटला घरी सोडू नये, असं मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना रोज सांगतो.

योनीच्या पुढच्या भिंतीवर, जुन्या टाक्याच्याच जागी, दोन-एक सेंटिमीटरचा छेद घेतात. मूत्रमार्गात नळी किंवा धातूची गुळगुळीत सळई असते. ती किंचित वर उचलली की घट्ट पट्टी बोटाला ताणलेल्या सुतळीसारखी लागते. हाच भाग सर्वांत अवघड, कारण पट्टी व्रणात गाडलेली असते आणि तिच्या पलीकडे मूत्रमार्गाची भिंत काही मिलिमीटरवर असते. निळसर किंवा पांढरट धागे दिसले की त्याखाली बारीक वाकडा चिमटा सरकवून मधोमध कापतात. कापताक्षणी दोन्ही टोकं बाजूला सरकतात, आणि ती जितकी सरकतात तितका ताण होता हे कळतं. काही सर्जन मधला छोटा तुकडा काढूनही टाकतात. शेवटी दुर्बिणीने मूत्रमार्ग शाबूत आहे याची खात्री करतात. चुकून छेद गेलाच तर तो तिथेच शिवून नळी जास्त दिवस ठेवतात.

पहिल्या ऑपरेशनपेक्षा हे लहान आहे. हाडामागे सुया जात नाहीत. पण हात सरावलेला हवा. तुमच्या सर्जनना हे ऑपरेशन वर्षातून किती वेळा करता, असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. अडथळा जितका जुना, तितकी पिशवीची घाई उरण्याची शक्यता जास्त. धार सुधारेल, पण सारखी लागण्याची भावना काही महिने रेंगाळू शकते. त्यावर गोळ्या आहेत, पिशवीत बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत. पण ते अडथळा काढल्यानंतर. आधी दिलं तर उरलीसुरली लघवीही अडकेल.

सोनचाफा_६३
माझा त्रास वेगळा होता, पण धाग्यात बसतो.

ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती, सगळं छान. मग अंगावरून पाणी जायला लागलं, कधी रक्ताचा ठिपका. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, त्यामुळे पोटात गोळाच आला. त्याच सुमारास यजमान म्हणाले, काहीतरी खरखरीत लागतंय. मला शरमेने काय बोलावं कळेना. बोट लावून पाहिलं तर खरंच, दाढीच्या खुंटासारखं टोचत होतं.

डॉक्टरीणबाईंनी स्पेक्युलम (आत बघायचा चिमटा) लावून दोन मिनिटांत सांगितलं, योनीची त्वचा विरून पट्टी उघडी पडली आहे, तुरीच्या दाण्याएवढी. पाळी गेल्यावर त्वचा पातळ होते. आधी तीन महिने इस्ट्रोजेनचं क्रीम आत लावायला दिलं. त्याने आजूबाजूची त्वचा गुलाबी झाली, पण भोक मिटलं नाही. मग भूल देऊन उघडा भाग कापून काढला, कडा मोकळ्या करून दोन थरांत शिवल्या. सहा आठवडे संबंध नाही, जड उचलायचं नाही.

वर्षभराने त्याच पट्टीचं दुसरं टोक शेजारी उघडं पडलं. तेव्हा मात्र योनीतला सगळा भाग काढून टाकला. त्यानंतर थोडं गळतं, पॅड एक पुरतो. पण मी सुखी आहे. बायांनो, अंगावरून जातंय, टोचतंय, यजमानांना लागतंय, यातलं काहीही असेल तर लाजू नका. मी पाच महिने लाजले, ते वाया गेले.

आईची_लेक
मी आईसाठी विचारतेय. वय ६८. नऊ वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं. दोन वर्षांपासून दर दोन महिन्यांनी इन्फेक्शन, लघवीत कधी कधी रक्त. दर वेळी कल्चर, दर वेळी नवी अँटिबायोटिक. "या वयात होतं" असं सांगतात. सोनोग्राफीत "पिशवीत लहान खडा" असं एकदा आलं होतं. त्याचा आणि पट्टीचा संबंध असू शकतो का? नऊ वर्षांनी?

मूत्रवैद्य
हो, असू शकतो. आणि ही गोष्ट अंगावर काढू नका, कृपा करून.

पट्टी बसवलेल्या बाईला वारंवार इन्फेक्शन, रक्त किंवा पिशवीत खडा असेल, तर दुर्बिणीने पिशवी आणि मूत्रमार्ग दोन्ही बघितल्याशिवाय कुणी "वय" हा शब्द वापरू नये. वय हे निदान नव्हे. जाळीचा धागा लघवीत उघडा राहिला की त्यावर क्षार बसतात आणि खडा तयार होतो. अँटिबायोटिकने जंतू तात्पुरते दबतात, खड्यातले जात नाहीत.

दुर्बिणीला जाताना दोन गोष्टी सांगा. पिशवीच्या पुढच्या बाजूच्या भिंती वरपर्यंत बघायला हव्यात, त्यासाठी तिरकी बघणारी भिंग लागते, कारण पट्टी शिरते ती बहुधा तिथूनच. आणि बाहेर येताना मूत्रमार्ग सरळ भिंगाने सावकाश बघायला हवा. सीटी स्कॅनवर ही जाळी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे "स्कॅन नॉर्मल" यावर विसंबू नका. बाहेरून, योनीमुखाशी प्रोब ठेवून केलेल्या सोनोग्राफीत मात्र ती पांढऱ्या रेघेसारखी चांगली दिसते.

खारुताई
मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते, आता निवृत्त. एक कळकळीची विनंती. जुनी फाइल शोधा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशनची नोंद हवी. त्या कागदावर पट्टीच्या खोक्यातलं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी, प्रकार आणि बॅच नंबर असतो. हाडामागून काढलेली की जांघेतून, हे त्यावरून कळतं आणि पुढच्या सर्जनला शोधायला सोपं जातं. मागितलं की नक्कल द्यावीच लागते. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या.

आणि रानजाईताई, तारीख मिळेपर्यंत शिल्लक लघवी स्वतः नळी घालून काढायला शिकता येईल का, ते विचारा. ऐकून भीती वाटते, पण नर्सने आरसा धरून एकदा दाखवलं की तिसऱ्या वेळेला हात बसतो. बोटभर लांबीची बारीक नळी असते. इन्फेक्शन कमी होतात आणि रात्रीची झोप मिळते.

जुईली_म
माझी पट्टी जांघेतून काढलेली होती. गळणं थांबलं, पण दोन्ही जांघांत, जास्त उजवीकडे, जिना चढताना आणि गाडीतून उतरताना सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. पहिले काही आठवडे दुखणं अपेक्षित असतं, माझं दोन वर्षं राहिलं.

आधी फिजिओथेरपी केली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, पण आवळायची नाही तर सैल सोडायची. मग दुखऱ्या जागी इंजेक्शनं. थोडा फरक पडला. शेवटी पट्टी काढायचं ठरलं. योनीतला भाग काढणं सोपं, पण जांघेतल्या स्नायूंतून गेलेला भाग काढायला दोन्ही बाजूंना वेगळे छेद घ्यावे लागले. साडेतीन तास लागले. दुखणं निम्म्याहून खूप कमी झालं, पूर्ण गेलं नाही, आणि गळणं परत आलं. हे असंच होऊ शकतं, असं सर्जनने आधी तीन वेळा बसून सांगितलं होतं, म्हणून मी कोसळले नाही.

मूत्रवैद्य
जुईली यांनी लिहिलेलं प्रत्येकीने दोनदा वाचावं. दुखण्यासाठी पट्टी काढणं हे अडथळ्यासाठी कापण्यापेक्षा फार वेगळं आणि मोठं काम आहे. अडथळ्याचं उत्तर एका कापात मिळतं, दुखण्याचं मिळेलच असं नाही. म्हणून आधी दुखणं नेमकं पट्टीचंच आहे का, बोट ठेवल्यावर तेच दुखणं उमटतं का, हे शांतपणे तपासायचं.

दोन्ही मार्गांची तुलना २०१० साली ५९७ बायकांवर केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात झाली होती. अडथळ्यासाठी पुन्हा ऑपरेशन हाडामागच्या गटात २.७ टक्के जणींना लागलं, जांघेच्या गटात एकीलाही नाही. उलट बधिरपणा, पायातला अशक्तपणा यांसारखे मज्जातंतूंचे त्रास जांघेच्या गटात ९.४ टक्के, दुसऱ्यात ४. बिनधोक मार्ग कुठलाच नाही, प्रत्येकाचा धोका वेगळ्या जागी आहे.

पाऊसवेळ
माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि हे सगळं वाचून हातपाय गार पडलेत. ही जाळी बंदी घातलेली आहे ना परदेशात? मग आपण का बसवून घेतोय?

मूत्रवैद्य
घाबरून तारीख रद्द करू नका, पण प्रश्न विचारल्याशिवाय जाऊही नका.

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. अंग बाहेर येतं त्यासाठी योनीतून जी मोठी जाळी बसवायचे, तिची विक्री अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. गळण्यासाठीची अरुंद पट्टी तिथे अजूनही वापरात आहे. इंग्लंडमध्ये मात्र जुलै २०१८ पासून पट्टीचा वापरही जवळपास थांबवला गेला, आणि २०२० मध्ये आलेल्या चौकशी अहवालात बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकून घेतल्या गेल्या नाहीत, हे स्पष्ट लिहिलं गेलं. त्यानंतर जाळीच्या गुंतागुंतीसाठी तिथे खास केंद्रं उभी राहिली.

इंग्लंडमधल्याच ९५ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदींत असं दिसलं की ९ वर्षांत ३.३ टक्के जणींची पट्टी काढावी लागली. म्हणजे बहुसंख्य जणी ठीक असतात. पण ३.३ मधली जी असते तिच्यासाठी ते शंभर टक्के असतं. आणि न काढता त्रास सोसणाऱ्या या आकड्यात येतच नाहीत.

जाळी नको असेल तर पर्याय आहेत. पोटाच्या किंवा मांडीच्या स्नायूंवरच्या आवरणाची स्वतःचीच पट्टी काढून बसवता येते. १९६१ साली बर्च या डॉक्टरांनी सांगितलेलं टाक्यांचं ऑपरेशन आहे. मूत्रमार्गाच्या भिंतीत जेलची इंजेक्शनं आहेत, त्यांचा परिणाम कमी, पण धोकाही कमी. त्या ऑपरेशनांनंतरही लघवी अडकू शकते, स्वतःच्या आवरणाच्या पट्टीनंतर तर जास्तच. फक्त जाळी उघडी पडण्याचा प्रश्न येत नाही.

आईची_लेक
दुर्बीण झाली. पिशवीच्या उजव्या भिंतीतून पट्टी आरपार गेलेली होती. पडद्यावर मी स्वतः पाहिलं, पाण्यात पांढऱ्या खडूसारखा गोळा, आणि तो हलतच नव्हता, कारण धाग्याला चिकटलेला होता. आई म्हणाली, "म्हणजे मी उगाच कुरकुर करत नव्हते." त्या वाक्याने मला रडू आलं.

दोन मार्ग सांगितलेत. दुर्बिणीतून लेझरने खडा फोडून धागा भिंतीशी कापायचा, किंवा पोटातून लॅपरोस्कोपीने पिशवी उघडून तेवढा पट्टीचा भाग मुळापासून काढायचा. पहिलं सोपं, पण भिंतीतला उरलेला धागा परत डोकावू शकतो. कुठलं निवडावं?

मूत्रवैद्य
आईंची तब्येत मोठी भूल सोसण्यासारखी असेल, तर मी स्वतः दुसऱ्याकडे झुकतो, कारण पुन्हा पुन्हा दुर्बीण हाही एक त्रासच असतो. हृदयाचा वगैरे आजार असेल तर लेझर हा चांगला मार्ग आहे, फक्त दर काही महिन्यांनी आत डोकवायची तयारी हवी. पट्टी मूत्रमार्गात शिरलेली असती तर सांगणं वेगळं असतं. तिथे योनीतून ती काढून मूत्रमार्ग थरांमध्ये शिवावा लागतो, मध्ये बाजूच्या चरबीची रक्तपुरवठ्यासकट उशी सरकवतात आणि नळी दोन-तीन आठवडे ठेवतात, नाहीतर मूत्रमार्ग आणि योनी यांच्यात भोक (फिस्टुला) राहून सतत गळत राहण्याचा धोका असतो.

अवनी_२२
रानजाईताई, उशिरा लिहितेय. मला कापल्यावर तिसऱ्या दिवशी जोरात धार आली, तिच्या आवाजाने मीच दचकले. शिंकताना अजून थोडं गळतं. पण इन्फेक्शन एकही नाही.

रानजाई
ऑपरेशन होऊन आज सहा आठवडे झाले, म्हणून सांगायला आले.

कमरेखालची भूल होती, जागीच होते. पंचविसेक मिनिटं. कापल्यावर सर्जन म्हणाले, टोकं जवळजवळ दीड सेंटिमीटर दूर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. नर्सताई दाराबाहेर थांबल्या होत्या. मी सवयीने पुढे वाकायला लागले, आणि वाकायच्या आतच सुरू झाली. अखंड. शिल्लक मोजली तर ३० मिली.

गळण्याबद्दल: जोरात शिंक आली तर दोन-चार थेंब. फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम चालू केलेत. सर्जन म्हणाले सहा महिने थांबू, मग वाटलं तर जेलचं इंजेक्शन, नाहीतर काहीच नाही. घाई अजून आहे, पण रात्री चारऐवजी दोनदा उठते.

पहिल्या ठिकाणीही गेले होते, ऑपरेशनच्या नोंदीची नक्कल मागायला. खारुताई, तुमच्यामुळे. अर्ज द्यावा लागला, पण मिळाली, स्टिकरसकट. आणि नवव्या दिवशीच्या पानावर माझ्या तक्रारीची नोंद आहे, एका ओळीत: "लघवीला वेळ लागतो". पुढे काही नाही.

पाऊसवेळ, तुझ्या ऑपरेशननंतर नळी काढली की शिल्लक किती आहे ते मोजायला सांग. आकडा कागदावर लिहून घे. आणि इथे येऊन सांग.

पाऊसवेळ
सांगते ताई. तारीख तीन आठवडे पुढे ढकललीय, दुसरं मत घेऊन. तुमचे प्रश्न वहीत लिहून नेले होते. नव्या डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं.